गाडी लागेपर्यंत

नंदेसरीच्या कारखान्यात माझं काम कारबे उचलण्याचं. कारबा म्हणजे द्रवाने भरलेला प्लास्टिकचा मोठा कॅन. दोन्ही हातांत एकेक धरायचा आणि गोदामातून ट्रकपर्यंत चालायचं, दिवसभर. अशा माणसाला संध्याकाळी जिममध्ये जाऊन पुन्हा लोखंड उचलायची हौस वाटावी, याला काय म्हणावं? बायको वेड म्हणायची. माझं मात्र त्या लोखंडावर प्रेमच जडलं होतं. कारबा उद्याही तेवढाच असतो, जिममधलं वजन वाढत जातं.

सुरुवातीला रोज जायचो. मग एकदा जेवताना घास हातात धरूनच झोपलो. भेंडीची भाजी सगळी शर्टावर. बायको म्हणाली, "बस झालं हं आता. तुमच्या जिमच्या त्या स्पर्धेत वजन उचललंत तर जिम चालू, नाहीतर बंद. नोकरी काही सोडता येणार नाही."

तिचं चुकत नव्हतं, म्हणून जास्तच राग आला. समा भागातल्या आमच्या जिममधला कोच म्हणाला, "पाय आणि पाठ तू कारखान्यातच दमवून आणतोस. इथे आठवड्यात दोनदाच ये. थोडं उचल, पण जड उचल." ऐकलं त्याचं. डब्यात दोन पोळ्याही वाढवल्या. आणि काय सांगू, अंगात वारं भरलं. कारबे घेऊन मी जवळजवळ पळायलाच लागलो. माझा गुजराती जोडीदार वैतागायचा. ट्रक रिव्हर्समध्ये मागे येत असताना मी पुढे घुसलो की ओरडायचा, "ऊभो रे, गाडी नथी लागी." म्हणजे थांब, गाडी अजून धक्क्याला लागली नाही. मग जागच्या जागी थांबायचं, हातातलं वजन खाली न ठेवता, तो "लागी गई" म्हणेपर्यंत.

स्पर्धा जिममध्येच होती. जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहायचं, पंचाने हात खाली केला की ठेवायचा. इतकं सोपं. संधी तीन.

पहिल्याच झटक्यात बार वर आला. मला इतका आनंद झाला की मी चालायला लागलो. वजन हातात आलं की माझे पाय विचारत नाहीत, निघतात. पंच मागे मागे सरकत भिंतीला टेकला. बाद. दुसऱ्या वेळी मनाशी घोकत होतो, चालायचं नाही, चालायचं नाही, आणि तरी दोन पावलं गेलीच. सगळी जिम हसत होती. बायको पदर तोंडाला लावून बसली होती. हसू मलाही येत होतं. आता एकच संधी, नाहीतर हे सगळं बंद.

तिसऱ्यांदा बार उचलला. डावा पाय सुटणार, इतक्यात मागून, स्पर्धा बघायला आलेल्या माझ्या कारखान्यातल्या जोडीदाराचा आवाज आला, "ऊभो रे, गाडी नथी लागी."

उभा राहिलो, खांबासारखा. पंचाने हात खाली केला. मी हललो नाही. कोच म्हणाला, "ठेव, ठेव." मी नाही ठेवला. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, आणि जोडीदार हसून हसून इतका बेजार झाला होता की त्याला बोलताच येईना. शेवटी कसाबसा म्हणाला, "लागी गई, भाई. मूकी दे."

बार ठेवला. बायको उठून जवळ आली, माझे लाल झालेले तळवे उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "उद्यापासून डब्यात तीन पोळ्या जास्त देते."