मुरारची तपासणी

सन एकावन्नचा जानेवारी. संस्थानाच्या पलटणी भारतीय फौजेत मिळवायचं ठरलं होतं. मुरार छावणीतल्या डॉक्टरी तपासणीत पास होणारा नोकरीत राहणार, नापास झाला की घरी. किला गेटपाशी राहणारे हवालदार कान्होजी काटकर यांची आज पाळी होती.

दोन वर्षांपासून त्यांना डाव्या डोळ्यानं नुसतं धुकं दिसत होतं. नेम उजव्या डोळ्यानं धरतात, म्हणून निभावलं. बायको सोडली तर ठाऊक होतं फक्त पलटणीतला सोबती दौलतसिंह याला. त्यानं आदल्या दिवशी तपासणी देऊन डॉक्टरच्या तक्त्यावरचे आकडे पाठ करून आणले होते.

"अहो, टांग्यानं जा ना," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "हवा किती तेज आहे!"

"टांग्यात बसलं की हात थरथरताना दिसतात लोकांना," कान्होजी म्हणाले आणि त्यांनी सायकल काढली.

वारा डावीकडूनच अंगावर येत होता. बोटं बधिर, कानात नुसता घोंगावा. ते आकडे पुटपुटत होते. पाच, दोन, नऊ. एक, सात... पुढे काय? पुन्हा पहिल्यापासून.

हजिऱ्याच्या चौकापाशी डाव्या गल्लीतून टांगा आला. तो त्यांना दिसलाच नाही. घोड्याचा ऊन श्वास गालाला लागला तेव्हा कळलं. त्यांनी हँडल फिरवलं आणि सायकलीसकट नालीत कोसळले. टांग्यातली बाई पोराला छातीशी धरून किंचाळली.

"अंधे हो क्या, हवालदार साब?" टांगेवाला ओरडला.

चार लोक वळून बघू लागले. खरचटलेल्या गुडघ्याकडे कान्होजींचं लक्षच नव्हतं. हा शब्द आपल्याआधी मुरारला पोचेल, एवढंच त्यांच्या मनात आलं. उतरलेली चेन बसवायला त्यांना पाच मिनिटं लागली.

छावणीत डॉक्टरनं उजवा डोळा झाकायला लावला. वरून वाचायला सांगितलंच नाही. छडी मधेच कुठंतरी टेकवली.

"ये क्या है?"

"सात."

छडी सरकली. "और ये?"

कान्होजींना नुसतं धुकं दिसत होतं. अजून एखादा आकडा ठोकून देता आला असता, पण जीभच हलेना.

डॉक्टरनं छडी खाली ठेवली. "कब से?"

"दो साल हुए, साब."

डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली.

घरी आल्यावर कान्होजींनी सगळं सांगितलं. कुमुदिनीबाईंनी त्यांचा खरचटलेला गुडघा धुतला. मग म्हणाल्या, "दोन वर्षं दार वाजलं की माझ्या छातीत धस्स व्हायचं. वाटायचं, आलं कोणीतरी सांगायला, की यांच्या हातून काहीतरी झालं."

आपल्यालाही तसंच वाटायचं, हे कान्होजींनी त्या दिवशी पहिल्यांदा कबूल केलं.

मार्चमध्ये दौलतसिंहची पलटण भारतीय फौजेत गेली. कान्होजींना थोडी पेन्शन मिळाली, आणि पावसाळ्याआधी मुलींच्या एका शाळेत चपराशाची जागा. पहिल्या दिवशी मोठ्या बाई, सुमनताई, यांनी विचारलं, "तब्येतीची काही तक्रार?"

"डाव्या डोळ्यानं दिसत नाही, बाई," त्यांनी लगेच सांगून टाकलं.

"घंटा वेळेवर द्या, म्हणजे झालं," सुमनताई म्हणाल्या.