पॅनेलकाकूंची धाकटी जाऊ

आमच्या शिवारात त्यांना सगळे पॅनेलकाकू म्हणतात. वय साठीला टेकलेलं, अंगकाठी बारीक आणि हातात कायम लांब दांड्याचा वायपर. सकाळी काच तापायच्या आत चोवीस सौर पॅनेलं पुसून झाली पाहिजेत, हा त्यांचा नेम. अंगात ताप असो की घरी पाहुणे. "धूळ काय सुट्टी घेते का?" असं विचारून समोरच्याला गप्प करतात.

ही पॅनेलं आम्हा अकरा घरांची. त्यांच्यावर विहिरीचा पंप चालतो, भाजी वाळवायची खोली चालते. ती जमिनीपासून आठ फूट उंच आहेत, त्यामुळे खाली सावलीत आलं आणि कोथिंबीर होते. लांबलांबून लोक बघायला येतात तेव्हा काकूच माहिती सांगतात. सांगून झालं की दर वेळी जोडतात, "पण हे डोकं माझं नाही हं. माझ्या जावेचं."

जाऊ सहा वर्षांपूर्वी गेली. गेली म्हणजे मुलाकडे गेली, परदेशात. असं लगेच स्पष्ट करावं लागतं, कारण काकू ज्या आवाजात सांगतात त्याने ऐकणाऱ्याचा गैरसमज होतो.

काकूंचे यजमान आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघांचं बोलणं विहिरीवरून बंद झालं होतं. वाटणीत ती बरोबर मधोमध आली. एक दिवस याचं डिझेल इंजिन, एक दिवस त्याचं, आणि इंजिन बिघडलं की संशय भावावर. दोन्ही घरांची भिंत एकच. समोरासमोर यायला नको म्हणून दोघं कानोसा घेऊन मगच बाहेर पडायचे. जावांनी मात्र ते भांडण अंगाला लावून घेतलं नाही. पुरुष शेतावर गेले की धाकटी भिंतीवर दोनदा थाप मारायची, की काकू हातातलं काम टाकून मागच्या दारी हजर.

मग सौरपंपाचं काम करणाऱ्या एका संस्थेच्या बाई आल्या. दहा-अकरा घरांनी एकत्र यायचं, जागा सामायिक द्यायची आणि विकतचं खत हळूहळू बंद करून शेणकाल्यावर यायचं, अशी त्यांची अट होती. नऊ घरं तयार झाली. पण सोयीची जागा एकच, विहिरीजवळची. अर्धी थोरल्याची, अर्धी धाकट्याची. दोघांनीही साफ नाही म्हटलं.

तेव्हा धाकटी म्हणाली, "ताई, तुम्ही भावजींना सांगा, धाकटा म्हणतोय मी मेलो तरी जागा देणार नाही. मी यांना तसंच सांगते."

"अगं, पण हे म्हणतील बरं झालं, आपणही नको देऊ या."

"म्हणणार नाहीत. चाळीस वर्षं एकमेकांच्या उलट वागण्यात गेलीत त्यांची."

आणि झालंही तसंच. रात्री जेवता जेवताच काकूंचे यजमान ताटावरून उठत म्हणाले, "तो देत नाही? मग मी देतो. कळू दे लोकांना कोण कसा आहे ते." सकाळी सह्या करायला दोघं भाऊ एकाच टेबलाशी येऊन उभे राहिले आणि एकमेकांकडे बघतच राहिले. आठ दिवस दोघंही आपापल्या बायकांशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी धाकटा थोरल्याला म्हणाला, "दादा, आपल्याला बनवलं रे." बारा वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

पॅनेलं किती उंच लावायची यावरून मग जावाच भांडल्या. काकूंचं म्हणणं, कमरेएवढी ठेवा, पुसायला सोपी. धाकटी म्हणे, "उंच लावा. खालची जमीन काय पडीक टाकायची? आलं लावू." संस्थेच्या इंजिनिअरने नाक मुरडलं. धाकटीने वेल्डरकडून जुने लोखंडी खांब जमवले, स्वतः शिडी धरून उभी राहिली. दुपारी बारा ते दोन पंपाला सगळ्यात जास्त जोर असतो, त्यामुळे ती वेळ प्रत्येकाला हवी होती. त्यावरही तिनेच तोडगा काढला: दर आठवड्याला प्रत्येकाची पाळी एक घर पुढे सरकायची. आजही तसंच चालतं. पहिलं आलं निघालं तेव्हा दोघी त्या सावलीत बसून मातीने माखलेले गड्डे साफ करत होत्या आणि कशावरून तरी इतक्या हसत होत्या, की आमच्या बांधापर्यंत ऐकू येत होतं. काय झालं म्हणून विचारलं, तर धाकटी म्हणाली, "सांगण्यासारखं नाही."

पुढच्या वर्षी तिच्या मुलाला मूल झालं. "सहा महिने जाऊन येते," म्हणाली. सहा महिन्यांनी तिच्या यजमानांनाही बोलावून घेतलं. मग नातवाची शाळा, मग तिचा गुडघा. तिची जमीन काकू करू लागल्या.

सुरुवातीला रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. काकू फोन पॅनेलांखाली धरायच्या, आणि पलीकडून धाकटी विचारायची, "कोंब आले का? डावीकडच्या खांबाशी पाणी साचतं का अजून?" काकूंना फोन नीट धरता यायचा नाही, तिला नुसतं आभाळ दिसायचं. ती म्हणायची, "आभाळ दाखवा तेच. इथलं काही खरं नाही." मग फोन आठवड्यावर गेला, मग महिन्यावर. विचारणं बदललं. तब्येत कशी, ऊन फार आहे का. आल्याचं नाव निघेना.

काकूंनी तिच्या नावाची एक सरी मात्र वेगळी ठेवली. तिचं आलं वाळवून, पुडी बांधून, तिकडे जाणारं कोणी भेटलं की पाठवायच्या. तुझ्यावाचून करमत नाही, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. फोनवर म्हणायच्या, "वायपरचं रबर झिजलंय गं. तिकडे बरं मिळतं का?" धाकटीने तीन वायपर पाठवले. काकूंनी तिन्ही कपाटात ठेवून दिले.

एकदा जिल्ह्याच्या मासिकातून फोटो काढायला माणूस आला. तो म्हणाला, "काकू, मधे सरका ना, बाजूला जागा रिकामी दिसतेय." काकू म्हणाल्या, "दिसू दे."

गेल्या हिवाळ्यात धाकटी यजमानांबरोबर आली. अकरा दिवसांसाठी. काकूंनी तिचं घर आठवडाभर आधी उघडून, धुऊन, गादीला ऊन दाखवून ठेवलं. तरी दोन दिवस ती शेतावर आलीच नाही. प्रवासाचा शीण, गुडघा, भेटायला येणारी माणसं. तिसऱ्या दिवशी काठी टेकत आली. मी शेजारच्या वाफ्यात कोथिंबीर काढत होते, म्हणून सगळं ऐकलं.

धाकटी खांबाला हात लावून वर बघत राहिली. "किती स्वच्छ ठेवलंत हो, ताई."

"तू उंच लावून घेतलीस. मान मोडते माझी."

दोघी बसल्या. काकू बसल्या बसल्या गवत उपटू लागल्या. तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला. नातू विचारत होता, आजी कधी येणार. ती त्याच्या भाषेत भराभर बोलली, हसली. फोन ठेवल्यावर तिला मराठीवर यायला एक क्षण लागला.

"ताई, माझी जागा गटाच्या नावे कायमची लिहून देते. त्यासाठीच आलेय."

काकूंनी हातातलं गवत खाली ठेवलं. "म्हणजे येणार नाहीस."

"नाही."

"करमतं का गं तुला तिथे?"

"करमतं," ती म्हणाली. "तेच तर वाईट आहे ना, ताई. पहिली दोन वर्षं रोज रडायचे. मग एक दिवस लक्षात आलं, आज मला इथली आठवणच झाली नाही. त्या दिवशी जास्त रडले."

काकू म्हणाल्या, "मला नाही आला असा दिवस." त्या रागाने बोलल्या नव्हत्या. पाण्याची पाळी सांगावी तशा सरळ आवाजात बोलल्या होत्या. धाकटीने त्यांचा हात धरला. मी माझी टोपली उचलून लांब गेले.

अकराव्या दिवशी गाडी आली. दोन्ही भाऊ गाडीशी उभे राहून रस्त्याच्या खड्ड्यांवर बोलत राहिले. गाडी वळली तसा काकूंनी पदर सारखा केला आणि त्या तडक शेतावर गेल्या. धाकटीची वेगळी ठेवलेली सरी त्यांनी त्या दिवशी काढली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने काढली आणि आम्हा अकरा घरांत वाटून टाकली.

यंदा नदीपलीकडच्या शिवारातली चौदा घरं एकत्र आली आणि त्यांनी काकूंना शिकवायला बोलावलं. आठवड्यातून दोन दिवस त्या बसने जातात. एकदा मीही सोबत गेले. खांबांची आखणी चालली होती. चुन्याच्या रेघेशी दोन बायका जोरात भांडत होत्या, एक म्हणत होती विहिरीकडून सुरुवात करा, दुसरी म्हणत होती रस्त्याकडून. कोणीतरी काकूंना म्हणालं, "तुम्ही सांगा बरं, कोणाचं बरोबर?"

काकू बांधावर बसल्या होत्या. त्या दोघींवरची नजर न हलवता म्हणाल्या, "थांबा. भांडू द्या त्यांना अजून थोडं."