संस्कृतच्या बाई आणि नाकातले स्वर

सोलापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर संस्कृत शिकवत होते. विद्यार्थी दरवर्षी आटत चालले होते. सगळे फ्रेंचकडे, तिथं म्हणे मार्क जास्त पडतात. शेवटी प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, “बाई, पुढच्या वर्षी संस्कृतचा वर्ग भरणार नाही. फ्रेंचची परीक्षा पास होऊन आलात, तर तो वर्ग तुमचा.” मला भयंकर राग आला. घरी येऊन भांडी आपटली आणि त्याच संध्याकाळी ऑनलाइन क्लासला नाव घातलं.

लेखी परीक्षेची मला धास्ती नव्हती. पाठांतरात माझा हात कोण धरणार? गाडी अडली ती नाकातल्या स्वरांवर. पुण्याहून शिकवणारी मुलगी माझ्या निम्म्या वयाची. ‘चांगलं’ला फ्रेंचमध्ये ‘बाँ’. ती म्हणायची, “मॅडम, ‘बाँ’ म्हणा. शेवटी ‘न’ यायला नको.” मी म्हणायचे, ‘बॉन’. जन्मभर अक्षर न् अक्षर ठणठणीत उच्चारलेलं. अर्ध्यावर सोडलेला ‘न’ मला ताटात टाकलेल्या घासासारखा वाटायचा.

“तुमची जीभ टाळूला लागतेय,” ती म्हणाली. झालं! मी स्टीलचा चमचा उलटा करून जिभेवर दाबून धरायला लागले. जीभ उठली नाही की ‘न’ होत नाही, आवाज आपसूक नाकातून येतो. कुकर लावताना तोंडात चमचा, कपडे वाळत घालताना तोंडात चमचा. नवरा म्हणाला, “सर्दी झाली का गं? वाफ घे की.” मी चमच्यासकट त्याला चार शब्द सुनावले. त्याला तेही फ्रेंचच वाटले.

तोंडी परीक्षेसाठी स्वतःविषयी पानभर मजकूर तयार केला आणि आमच्याकडे स्तोत्र पाठ करतात तसा केला: एका दमात, ठेक्यात, डोळे अर्धे मिटून. सोलापूरचं ऊन, चादरी, शेंगदाण्याची चटणी, सगळं होतं त्यात.

परीक्षा पुण्यात. समोर एक वयस्कर फ्रेंच बाई. मी सुरू केलं. चटणीपाशी त्यांनी मध्येच विचारलं, “ही कशाबरोबर खाता?” आता, स्तोत्र मध्ये तुटलं की पुढचं आठवत नाही, पहिल्यापासून म्हणावं लागतं. मी नमस्कारापासून पुन्हा सुरू केलं. त्यांनी पुन्हा चटणीपाशी अडवलं. मी पुन्हा नमस्कार केला. त्यांना हसू आवरेना. गेला वर्ग. आता बसा घरी.

मग मात्र मला संताप आला. एवढा साधा प्रश्न, आणि माझी वाचा बसावी? भाकरीला फ्रेंच शब्द माहीत नव्हता. पावाला ते ‘पँ’ म्हणतात, तोच धरला आणि मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाले, हा तुमचा पाव नव्हे, ही ज्वारीची, हातानं थापायची. उठून उभी राहिले आणि हवेत भाकरी थापून दाखवली. बाईंनी विचारलं, मऊ असते की कडक? मी म्हटलं, दोन्ही, आणि कडक महिनाभर टिकते. मग त्या विचारत गेल्या, मी सांगत गेले. बाहेर जिन्यात आल्यावर लक्षात आलं की इतक्यांदा ‘पँ’ म्हटलं, पण जीभ एकदाही वर गेली नव्हती. मला तिथंच रडू आलं.

पास झाले. उच्चाराचे मार्क बरे पडले, फार नाही. जूनमध्ये वर्गात शिरले तर मागचे बाकसुद्धा भरलेले. पहिल्याच तासाला ‘बाँ’ म्हणायला लावलं आणि वर्गभर ‘बॉन’ घुमलं. वळसंगहून एसटीनं येणारी एक मुलगी उठून म्हणाली, “म्याडम, हे आमच्या नाकात बसत न्हाय. आमाला येतंय व्हय कधी?”

“येतंय की गं,” मी म्हणाले. “मला आलंय, तुला कसं न्हाय यायचं?”

वर्ग हसला आणि पुन्हा म्हणाला, ‘बॉन’, आधीपेक्षा मोठ्यानं.