यानेक-सान आणि जळणारा कचरा

किस्से काय मुद्दाम जमवावे लागतात? दर शनिवारी सकाळी तीन बायका आणि एक पोलिश चित्रकार नदीकाठी बसवा, आपोआप साठतात! जपानमधल्या कावासाकीतल्या आमच्या वॉटरकलर क्लासचे किस्से मी हसवायला म्हणून सांगायला घेते आणि मध्येच माझीच छाती धडधडायला लागते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नवरा कॉम्प्युटरवाला, मी घरी. शेजारच्या बिल्डिंगमधली शुभदाही तशीच. तिसऱ्या मोरी-सान ('सान' म्हणजे तिथलं 'जी'), साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या. शिकवायला यानेक-सान: सहा फूट उंच, मोडक्या इंग्रजीत रागावणारे, निसर्गचित्रांशिवाय दुसरं काहीही न काढणारे.

*

पहिल्या दिवशी मी तामा नदी काढली. निळीशार! यानेक-सान कमरेत वाकून बघत राहिले. मी घाबरून ब्रशचं टोक चावत होते.

"मोएरु गोमी!" ते म्हणाले. म्हणजे जळणारा कचरा!

तेव्हा मला जपानी शब्द येत होते ते कचऱ्याचेच. तिथे जळणाऱ्या, न जळणाऱ्या कचऱ्याचे वार ठरलेले; चुकीच्या दिवशी टाकलेली पिशवी शेजारणीनं दोनदा माझ्या दारात परत आणून ठेवली होती. त्यामुळे सरांचं मत मला अगदी नीट कळलं.

*

थंडीत चित्रं काढायला हाकोनेच्या डोंगरात गेलो तेव्हा त्यांनी आमच्या रंगाच्या पाण्यात चक्क व्होडका ओतली. "आमच्याकडे असंच करतात. नाहीतर पाणी कागदावरच गोठतं!"

शुभदानं तो पेला स्वेटरवर सांडून घेतला. घरी नवऱ्यानं वास घेतला. "चित्रकलेचाच क्लास आहे ना गं?"

*

मग एका शनिवारी ते शुभदाच्या चित्राला "सुंदर!" म्हणाले. आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. मग माझ्याही चित्राला "सुंदर!" पुढच्या शनिवारीही तेच. शुभदानं आनंदानं शिरा करून आणला.

त्याच दिवशी मोरी-साननी आपलं चित्र चुकून उलटं धरलं.

"वा, आकाश काय छान उतरलंय!" यानेक-सान म्हणाले.

ती नदी होती.

शुभदानं माझा हात गच्च धरला.

*

त्यानंतर आमचं लक्ष चित्रात कमी आणि त्यांच्यावर जास्त. चष्मा नाकावर असताना म्हणायचे, "चष्मा विसरलो, ट्यूबवरचं नाव वाचा जरा." सायकल अंगावर येईपर्यंत बाजूला व्हायचे नाहीत. एकदा तर चित्र लांबून बघायला म्हणून मागे मागे सरकत गेले, थेट बंधाऱ्याच्या कडेपर्यंत! मी धावत जाऊन कोट पकडला.

"तुम्हाला दिसत नाहीये ना?"

"मोतीबिंदू," ते हळूच म्हणाले. "माझ्या वडिलांचं ऑपरेशन बिघडलं, दोन्ही डोळे गेले. धुक्यात रंगवता येतं मला. अंधारात कसं रंगवू?"

"अहो, माझ्या बाबांचं पुण्यात झालं. चुटकीसरशी!" मी ठोकून दिलं. खरं तर बाबा घाबरून तीन वर्षं तारीख पुढे ढकलत होते.

त्या थापेवर यानेक-सान तयार झाले आणि माझी झोप उडाली. काही बरंवाईट झालं असतं तर पाप माझ्याच माथी!

*

उजव्या डोळ्याची पट्टी निघायची त्या सकाळी आम्ही तिघी हॉस्पिटलात त्यांच्या कॉटशेजारी. शुभदा रामरक्षा पुटपुटत होती, मोरी-सान रुमालाच्या घड्या घालत होत्या, मोडत होत्या. माझ्या हातात तामा नदीचं नवं चित्र. त्यांनीच मागवलं होतं. "आधी तेच बघेन."

पट्टी निघाली. त्यांनी चित्र घेतलं आणि बघत राहिले. खूप वेळ. देवा, काहीही म्हणू दे, फक्त 'सुंदर' म्हणू देऊ नकोस!

त्यांनी चित्र जवळ आणलं, लांब धरलं, कपाळाला आठ्या घातल्या.

"मोएरु गोमी!"

शुभदा किंचाळली. कधी आवाज न चढवणाऱ्या मोरी-सान हुंदके देऊन रडायला लागल्या. नर्सनं अदबीनं मान लववली, कचऱ्याची पिशवी उघडली आणि चित्रासाठी हात पुढे केला.

"खबरदार हात लावाल तर!" मी चक्क मराठीतून ओरडले.