पुसट नकाशे

जवळची नजर तपासायला चष्म्याच्या दुकानात छापील तक्ता असतो. पण या चष्मेवाल्यांच्या दुकानात त्याऐवजी युद्धाचा एक जाडजूड इतिहास असे. गिऱ्हाइकाच्या नाकावर चाचणीची चौकट चढवायची आणि पुस्तकामागचं परिशिष्ट उघडून पुढे सरकवायचं. कुठल्या तुकडीकडे किती खेचरं, किती पीठ, नदी कुणी कुठे ओलांडली, सगळं बारीक अक्षरात. वाचता वाचता एखाद्यानं चुकून "पुढे काय झालं?" असं विचारलं की चष्मा राहिला बाजूलाच. चष्मेवाले त्याला पुस्तकं सुचवू लागत. कुठलं आधी वाचायचं, कुठल्याला हातही लावायचा नाही, आणि कुठलं नकाशा शेजारी पसरल्याशिवाय उघडायचं नाही.

"लोक तुमच्याकडे डोळे दाखवायला येतात आणि लढाईवर जातात," बायको म्हणायची.

त्यांच्या संग्रहात एक खिंडार होतं. नदीकाठच्या एका किल्ल्याच्या वेढ्याचा इतिहास दोन खंडांत होता. दुसरा खंड कपाटात होता, पहिला काही केल्या मिळत नव्हता. वेढा कसा उठला ते त्यांना तोंडपाठ होतं. तो पडला कसा, ते वाचायचं राहूनच गेलं होतं.

आणि एके दिवशी त्यांचे जुने मित्र मोजणीदार सहज म्हणाले, "तो पहिला खंड मिळाला तरी घेऊ नकोस. नकाशे इतके पुसट की टेकडी कुठली आणि डाग कुठला, कळत नाही."

"तू कुठे पाहिलास?"

"पाहिला कुठेतरी."

चष्मेवाल्यांच्या मनात पाल चुकचुकली. मोजणीदारांची हयात जमिनी मोजण्यात गेली होती, आणि नोकरी संपल्यावरही युद्धाच्या पुस्तकातला एकेक नकाशा ते जमीन मोजावी तसा वाचत. त्यांच्यासारख्या संग्राहकांचा एक अलिखित रिवाज होता. पुस्तक हाती लागेपर्यंत त्याची चारचौघांत निंदा करायची, लागलं की मग तोंड भरून स्तुती. दोघांनी मिळून हा डाव कितीजणांवर खेळला होता. एकमेकांवर कधीच नाही. त्यांची मैत्री उभी होती ती तेवढ्यावरच.

मग चष्मेवाले काही ना काही निमित्त काढून मित्राच्या घरी जाऊ लागले. पूर्वी दार उघडताच हाताला धरून कपाटाशी नेणारा माणूस आता बाहेरच्या खोलीतच बसवून ठेवी. भर दुपारी खिडक्या बंद. कपाटाला पडदा.

"पडदा कशाला रे?"

"धूळ बसते."

"खिडक्या?"

"ऊन डोळ्यांवर येतं. तू काय घर विकत घ्यायला आलायस?"

"तो वाळवंटातल्या रणगाड्यांचा ग्रंथ दे बघू."

"नको. त्याची शाई उडालीय."

ज्या ज्या पुस्तकाची मोजणीदारांनी आयुष्यभर शिफारस केली होती, त्यात आता खोट निघत होती. चष्मेवाले घरी येऊन बायकोपाशी धुसफुसत. "गुपचूप विकतोय सगळं. नाहीतर खंड पडद्याआड ठेवलाय."

"अहो, माणूस म्हातारा झालाय. चोर नाही."

"दोन्ही एकदम होता येतं."

पुढे जुन्या पुस्तकांच्या दुकानात तो खंड अचानक समोर आला. चष्मेवाल्यांनी झडप घातल्यासारखा उचलला.

"मोजणीदारांनी नेला होता," दुकानदार म्हणाला. "परत आणून दिला. छपाई खराब आहे म्हणे."

चष्मेवाल्यांनी घडीचा नकाशा उलगडला. केसासारख्या बारीक रेघा, एकही दुसरीला चिकटलेली नाही. तटाचा बुरूजन् बुरूज, नदीचं वळणन् वळण लख्ख. म्हणजे खोटंच बोलला. पण ज्याला पुस्तक दडवायचंय तो ते परत कशाला करील? इथे संशयाचं गाडं अडलं. कपाळाला घाम आला म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि उघड्या डोळ्यांनी त्यांची नजर पुन्हा नकाशावर गेली.

टेकडी कुठली आणि डाग कुठला, कळत नव्हतं.

बंद खिडक्या, उडालेली शाई, न दाखवलेलं कपाट. पुस्तकं बिघडली नव्हती. बिघडले होते डोळे, आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं, चष्मेवाल्या मित्राला तर मुळीच नाही. उजेड सोसेना म्हणजे मोतीबिंदूच असणार. रोज लोकांचे डोळे तपासणाऱ्याला समोरचे हे डोळे दिसले नव्हते. त्याला फक्त चोर दिसला होता.

संध्याकाळी त्यांनी खंड मोजणीदारांच्या मेजावर ठेवला.

"तुझं खरं होतं. नकाशे धड दिसत नाहीत. उद्या दुकानात ये, मोठ्या दिव्याखाली दोघं मिळून बघू."

मोजणीदारांनी पुस्तकाच्या कण्यावरून हळूहळू बोट फिरवलं.

"दिसत नाहीत म्हणतोस. मग विकत का घेतलास?"

चष्मेवाले चष्मा काढून पुसू लागले.

"तू काहीतरी लपवतोयस," मोजणीदार म्हणाले.

"हो. तूसुद्धा."

 मग मोजणीदारांनी खंड चाचपत आपल्याकडे ओढला.

"दुकान किती वाजता उघडतोस?"