मध्यंतरानंतर

गेली अकरा वर्षं मी दर शनिवारी गोंदियाच्या एका छोट्या दैनिकात नव्या सिनेमांबद्दल लिहितो. लिहितो म्हणजे काय, चार ओळी. सुरुवातीला अर्धं पान मिळायचं. मग कोचिंग क्लासवाल्यांच्या जाहिराती वाढत गेल्या, मी आखडत गेलो, आणि एक दिवस संपादक म्हणाले, सर, चार ओळींत निकाल लावा, लोकांना तेवढंच पाहिजे. मला असा राग आला की तिथल्या तिथं सोडतो म्हणालो. सोडलं काही नाही. पुढच्या शुक्रवारी मुकाट्यानं चार ओळी पाठवल्या.

पोटासाठी मी कॉलेजात भूगोल शिकवतो, पण भूगोलासाठी मला या शहरात कोणी विचारत नाही. पानठेल्यावर स्कूटर लावली की कोणीतरी हटकतंच, सर, जावं का नाही? मी नाही म्हटलं की तो माणूस बायकोपोरांसकट रविवारी घरी बसतो. एवढीच माझी सत्ता, पण ती मला फार आवडायची. बायको म्हणायची, घरात भाजी कोणती करायची हेसुद्धा तुम्हाला कोणी विचारत नाही, म्हणून तिकडं जाऊन मिरवता. खरं होतं, म्हणून मी चिडायचो.

आता एक गोष्ट कबूल करून टाकतो. सिनेमा वाईट निघाला की मी मध्यंतरात उठायचो. जो पहिल्या अर्ध्यात जीव नकोसा करतो तो दुसऱ्या अर्ध्यात काय दिवे लावणार, असं माझं म्हणणं. लोक समोसे घ्यायला बाहेर यायचे आणि मी त्यांच्यातूनच पार्किंगकडे निघायचो. आणि लिहायचो मात्र पूर्ण सिनेमावर. इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एक कोर्टाचा सिनेमा लागला. नट नवे, दिग्दर्शक नवा, आणि पहिला सव्वा तास सगळे जण बसून बोलत होते. मी उठलो. घरी आलो, गरम वरणभात जेवलो आणि लिहिलं: "खटला कंटाळवाणा, वकील त्याहून कंटाळवाणे. मध्यंतरानंतरही बसून राहिलात तर ज्याची त्याची जबाबदारी. एसी मात्र थंडगार. झोपायचं असेल तर जरूर जा." लिहून झाल्यावर मी स्वतःच हसलो. शनिवारी ते सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलं, कॉलेजातली पोरं मला पाहून एसी, एसी करायला लागली आणि मी खुशीत होतो.

रविवारी दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बाई देवरीच्याही पुढच्या, छत्तीसगडच्या अंगाच्या एका गावातून बोलत होती. पेपरात पिक्चरचं लिहिणारा तो मीच का, असं तिनं आधी दोनदा खात्री करून घेतलं. मग सांगितलं. तिचा पोरगा तीन वर्षांपूर्वी मुंबईला गेला. पोलीस भरतीसाठी चार वर्षं रोज पहाटे रस्त्यावर धावला, दरवेळी छातीच्या मापात बाद झाला, आणि शेवटी घरात कोणाशी न बोलता निघून गेला. दोन वर्षं त्याचे फोन यायचे. मागच्या दिवाळीपासून नंबरच बंद. आणि आता तिच्या बहिणीचा मुलगा, नागपूरला कंपनीत असलेला, म्हणत होता की त्यानं हा सिनेमा पाहिला आणि त्यात पोरगा आहे. शेवटाकडे, कोर्टाच्या दारात, पोलिसाच्या वर्दीत उभा आहे. मोबाईल काढेपर्यंत ते दृश्य गेलं.

तिला एवढंच विचारायचं होतं, की गोंदियात तो पिक्चर कधीपर्यंत आहे. सोमवारी तिच्या बांधीत धानाचा रोवणा होता, लावणीला गावातल्या बाया येणार होत्या, तो टाकून येता येत नव्हतं. मंगळवारी चालेल का?

मी नेहमीच्या ऐटीत सांगून टाकलं, "या आरामात. गुरुवारपर्यंत कुठं जात नाही तो."

मंगळवारी मी तिला घ्यायला बसस्टँडवर गेलो. हे मी का केलं ते मला तेव्हाही माहीत होतं. ज्या सिनेमाची मी टर उडवली त्यात तिचं सगळं होतं, आणि निदान शेजारी बसून तो पूर्ण पाहावा असं मला वाटत होतं. ती उतरली. पन्नाशीची, वाळलेली, नखांत अजून चिखल, अंगावर घडीच्या खुणा असलेलं निळं लुगडं. पोरगा दिसणार म्हणून नवं नेसून आली होती. रस्ताभर ती मागच्या सीटवरून एकच गोष्ट विचारत होती, तो किती वेळ दिसते. मी म्हणालो, पाहूच ना आता.

थिएटरबाहेर पोस्टर नव्हतं. तिला पायरीवर बसवून मी मॅनेजरकडे गेलो. माझा जुना ओळखीचा माणूस. तो म्हणाला की सोमवारी बाराच्या शोला दोन जण, तीनच्या शोला कोणीच नाही, म्हणून उतरवला, आता चारही शो दुसऱ्याला दिले. आणि मग हसून, मला बरं वाटावं म्हणून, "सर, आपने ही तो लिख दिया था, सोना है तो आओ. पब्लिक घर पे ही सो गई."

मी विनवण्या केल्या. सगळ्या खुर्च्यांची तिकिटं मी काढतो म्हणालो. फक्त शेवटचा अर्धा तास दाखव, एका बाईसाठी, म्हणालो. तो हसायचा थांबला, पण त्याच्याही हातात काही नव्हतं. पूर्वी डब्यात रिळं असायची, ऑपरेटरच्या पाया पडून काही जमायचं. आता सगळं मशीनवर येतं, वरून परवानगी बंद झाली की बंद. नागपूरच्या थिएटरला फोन लावला. तिथंही सोमवारीच उतरला होता. म्हणजे माझ्या चार ओळींनी काही बिघडलं नसेलही. पण त्या दिवशी हे मला समजावून सांगणारं कोणी नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

बाहेर येऊन तिला सांगितलं. ती पायरीवरून उठली नाही. मी काहीतरी सुचवावं तसं सुचवलं, की इतक्या लांब आलात तर नागऱ्याला जाऊ, महादेवाचं जुनं मंदिर आहे, दर्शन तरी होईल.

"महादेवाले पाहाले नाही आली मी," ती म्हणाली.

समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. अर्धा कप झाल्यावर तिचा चेहरा जरा उजळला. तिला आठवलं होतं की मी तर पाहिलाय. मीच तर पेपरात लिहिलं होतं. खुर्ची ओढून ती जवळ बसली आणि म्हणाली, मले नाही दिसला त नाही दिसला, तुमी सांगा. बारीक झाला का?

मी म्हणालो, नाही. बरा होता.

खरं सांगतो, तोंडातून निघून गेलं. वर्दी कशी दिसत होती, तिनं विचारलं. छान दिसत होती, मी म्हणालो, अगदी खरा पोलीस वाटत होता. ती हसली. पदर तोंडाला लावून हसली. चार वर्षं मापात बसला नाही आणि आता बसला, असं टपरीवाल्याकडे पाहून म्हणाली. मला वाटलं, चला, एवढं खोटं चालतं. हिला सुखानं घरी जाऊ द्यावं. मी आणखी काय काय सांगायचं ते मनात जुळवत होतो.

तेवढ्यात तिनं विचारलं, "टोपी बसली होती काय त्याले? डोस्कं मोठं हाय त्याचं. कोनतीच टोपी बसत नाही."

हो म्हणायचं की नाही म्हणायचं, एवढंच होतं. पण ती माझ्या तोंडाकडे अशी पाहत होती, तिथंच तो पोरगा दिसणार होता जणू. हो म्हटलं असतं तर ती तोच चेहरा जन्मभर आठवत राहिली असती, आणि तो मी बनवलेला असता. मला नाही जमलं.

मी सांगितलं, ताई, मी तो भाग पाहिला नाही. मी मध्यंतरात उठून गेलो होतो.

तिनं कप खाली ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं. शिव्या खायची माझी तयारी होती. पण तिला नुसतं कळत नव्हतं, आणि न कळलेली गोष्ट विचारावी तसं तिनं विचारलं.

"पुरा पाह्यला नाही, त लिवला काऊन?"

मी टपरीवाल्याला चहाचे पैसे दिले. तिनं विचारलं की देवरीची बस कितीला आहे.

तो सिनेमा नंतर कुठंच आला नाही. टीव्हीवर नाही, मोबाईलवर नाही. न चाललेला सिनेमा कोणी विकत घेत नाही म्हणतात. निर्मात्याच्या ऑफिसात मी पत्रं पाठवली, फोन केले, एकदा कोणीतरी उचलला आणि पुन्हा करतो म्हणून ठेवला. पोलीस ठाण्यात तिच्या भावानं पोरगा बेपत्ता असल्याची तक्रार दिली आहे, त्या तक्रारीचंही काही झालं नाही. मी कॉलेजमास्तर, मी काय करणार आणखी?

चार ओळी अजून लिहितो. सोडायचं ठरवलं होतं, पण तिनंच सोडू दिलं नाही. त्या मंगळवारनंतरच्या शुक्रवारी तिचा फोन आला. एकात होता तर दुसऱ्यातही असू शकते, असं तिचं म्हणणं, आणि तिला दर आठवड्याला गोंदियाला येणं जमणार नव्हतं. तेव्हापासून मी कोणताही सिनेमा आला की शेवटपर्यंत बसतो. नायक-नायिकेकडे पाहत नाही. दारात, गर्दीत, मागं कोण उभं आहे ते पाहतो. शेवटी नावं वर सरकतात तीही वाचतो. झाडूवाली बाई पहिल्या पहिल्यांदा वैतागायची, आता माझी रांग सोडून बाकीचं झाडून घेते.

दर शुक्रवारी संध्याकाळी, गुरं बांधून झाली की, तिचा फोन येतो. ती नमस्कार वगैरे करत नाही.

"पुरा पाह्यला?"

"पूर्ण पाहिला."

पुढचं ती विचारत नाही. मीच बोलायचं असतं.

"नाही दिसला."

"बरं," ती म्हणते आणि ठेवते.