झाकणाखालचे तीन

गेल्या रविवारी आमच्या नल्लकुंट्याच्या घरात चार रजया साबणाच्या पाण्यात भिजत पडल्या आणि नळ कोरडा. चूक माझी. पण आधी सायलीच्या पेपरचं सांगते, नाहीतर कळायचं नाही.

सायली माझी मुलगी, सहावीत, इंग्लिश मीडियम. मी चौथी शिकलेली, तीही कशीबशी. गल्लीत घरटी एक जण सॉफ्टवेअरमध्ये गेलाय, म्हणून आम्हीही पोरीला गणिताच्या मागे लावलंय...

टेस्टच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, आई, मायनस तीन होल नंबर आहे का? मी पोळ्या लाटत होते. होल म्हणजे काय, तर म्हणाली अख्खा. मग तीन काय तुटलाय? अख्खाच आहे, लिही हो म्हणून.

वीसपैकी एकोणीस पडले. तो गेलेला एक माझा. टीचरनं विचारलं, हे कुणी शिकवलं, हिनं सांगितलं आईनं... आणि सगळा वर्ग हसला.

तेव्हापासून पोरगी माझ्यासमोर वही उघडेना. मी जवळ गेले की हातानं पान झाकायची. मला वैताग आला. शून्य म्हणजे काही नाही, आता त्याच्याही खाली आकडे? कुणी काढले आणि कशाला? तसं बोलले तर म्हणाली, "नक्को आई, तू राहू दे." ते फार लागलं.

आता रविवार. आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं, ते अंगणातल्या संपमध्ये पडतं, म्हणजे जमिनीखालच्या हौदात. तिथून मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. टाकीला बाहेरून पट्टे आहेत, संपमध्ये लोखंडी शिडी. पाणी कितव्या पट्ट्यावर किंवा कितव्या पायरीवर, तो आकडा मी रोज सकाळी मोटरजवळच्या पाटीवर लिहिते. टाकीत पाणी असलं तर टाकीचा, नसलं तर संपचा. कुठला ते मला माहीत असतं, बघणारी मी एकटीच ना...

त्या दिवशी टाकी तळाला गेलेली. करंट नव्हता, मोटर लागेना. संपमध्ये झाकणाखाली तिसऱ्या पायरीवर पाणी होतं. पाटीवर तीन लिहिलं आणि बहिणीला आणायला सिकंदराबाद स्टेशनवर पळाले. वर राहणाऱ्या माझ्या धाकट्या जावेला, रेखाला, जाता जाता ओरडून सांगितलं, पाटी बघून पाणी वापर.

रेखानं तीन वाचलं. टाकीत तीन पट्टे पाणी आहे म्हणून बाईनं सगळ्या रजया काढल्या. साबण लागला आणि नळ गेला.

मी बहिणीला घेऊन आले तर रेखा दाराच्या पायरीवर बसलेली. "ताई, तीन लिहिलंय ना तुम्ही?"

"अगं, खालचे तीन."

"पाटीला काय खाली नि वर असतं?"

"पाणी आहे ना घरात? नाही कुठंय?"

"संपमध्ये आहे ताई, नळात नाही. नळाला सांगा तसं."

माझं डोकं फिरलं होतं. तेवढ्यात सायली आतून आली, खडू उचलला आणि माझ्या तीनच्या आधी एक बारीक आडवी रेघ ओढली.

"हाच का तो मायनस?" मी विचारलं.

"हौ. झाकण म्हणजे झीरो. झीरो आणि त्याच्या वरचे टाकीतले, ते होल नंबर. संपमधलेपण धरले की सगळे मिळून इंटिजर."

म्हणजे तीन पायऱ्या तुटलेल्या नव्हत्याच, झाकणाखाली होत्या. एवढंच होतं तर. वर्ग हसत होता तेव्हा त्या टीचरला एवढं सांगता आलं नसतं? आणि खरं तर मलाही, पोळ्या लाटायच्या थांबवून, पोरीला नीट विचारता आलं असतं...

करंट काही येईना. मग बहीण, रेखा आणि मी दोरीनं बादल्या ओढून रजया खळबळल्या. पाहुणी बिचारी प्रवासाच्या साडीतच.

सोमवारी मी आकडा रेघ देऊन लिहिला. शाळेत जाताना सायली म्हणाली, रेघ जरा लहान काढ. संध्याकाळी ओट्याशी येऊन बसली, वही उघडली, पान झाकलं नाही. एक गणित पुढं केलं. मी लाटणं बाजूला ठेवलं आणि म्हटलं, आधी तू सांग.

कंबर अजून दुखतेय. पण त्या चार रजयांचे उपकारच म्हणायचे.